विशेष फ्लँज जोडताना: पाना उचलण्याआधीची कामं

तारापूर, लोटे-परशुराम, पाताळगंगा, कुरकुंभ, कुठल्याही रसायन कारखान्यात शटडाऊननंतर लाइन चार्ज झाली की एखादा तरी फ्लँज (दोन पाइप बोल्टने जोडणारी धातूची जाड कड) ठिबकतो आणि कुणीतरी पाना घेऊन तो आवळायला धावतं. पण गळतीचं मूळ आवळण्यात क्वचितच असतं. चुकीचा गॅस्केट (दोन फ्लँजच्या मधे सील करणारी चकती), ओढूनताणून जुळवलेला पाइप, उलटी बसलेली प्लेट, वेल्डिंगच्या आधी चढवायची राहून गेलेली रिंग, या चुका पाना हातात येण्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेल्या असतात. साध्या वेल्ड नेक फ्लँजमध्ये अशी चूक कधीकधी झाकली जाते. विशेष फ्लँजमध्ये ती झाकली जात नाही, कारण यातल्या प्रत्येक प्रकारात एखादं काम ठराविक कामाच्या आधीच व्हावं लागतं. तो क्रम चुकला तर जोड कापून पुन्हा करावा लागतो.

हा लेख फिटर, सुपरवायझर आणि नव्याने साइटवर आलेल्या डिप्लोमा-इंजिनियर मुलामुलींसाठी आहे. लॅप जॉइंट, ऑरिफिस, आरटीजे (रिंग टाइप जॉइंट, ज्याच्या खाचेत धातूची रिंग बसते), स्पेक्टॅकल ब्लाइंड आणि इन्सुलेटिंग किट या पाच प्रकारांवर भर दिला आहे. रिड्युसिंग, लाँग वेल्ड नेक आणि मोठ्या व्यासाचे फ्लँज यांच्याबद्दल जेवढं लागेल तेवढंच.

## १. माल उतरवताना: खुणा वाचा, कागद जुळवा

फ्लँजच्या कडेवर साइझ, क्लास, मटेरियल, हीट नंबर (धातूच्या ओतीचा क्रमांक) आणि स्टँडर्ड पंच केलेलं असतं. आधी ते वाचायचं, मग टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर त्याच्याशी जुळवायचा आणि शेवटी लाइन क्लासच्या कागदाशी, म्हणजे त्या लाइनला कुठला माल लागतो त्या यादीशी. स्टोअरने "मॅच आहे" म्हटलं म्हणून पुढे जाऊ नका. स्टीम लाइन आयबीआरखाली (भारतीय बॉयलर नियमावलीखाली) येत असेल तर फ्लँजसोबत फॉर्म तीन-सी, म्हणजे बनावट आणि टेस्टचं प्रमाणपत्र, आलाय का, हे माल गेटवर असतानाच बघा. फ्लँज वेल्ड झाल्यावर तो कागद मिळवणं फार जड जातं.

इथे हमखास होणाऱ्या तीन चुका.

पहिली चूक, क्लास म्हणजे दाब समजणं. साइटवर आपण "दीडशे पाउंडाचा फ्लँज" म्हणतो, पण क्लास १५० म्हणजे १५० पीएसआय नव्हे. एएसएमई बी१६.५ या फ्लँजच्या अमेरिकन स्टँडर्डनुसार ए१०५ कार्बन स्टीलचा क्लास १५० फ्लँज ३८ अंश सेल्सिअसपर्यंत १९.६ बार घेतो. तोच २०० अंशांना १३.८ बारवर येतो आणि ३०० अंशांना १०.२ बारवर. तापमान विचारल्याशिवाय क्लास ठरवता येत नाही.

दुसरी चूक, "एसएस (स्टेनलेस स्टील) म्हणजे जास्त मजबूत" असं धरून चालणं. क्लास १५० मध्ये एसएसच्या ३१६एल जातीची साध्या तापमानाची मर्यादा १५.९ बार आहे, म्हणजे ए१०५ पेक्षा कमी. गंज लागतो म्हणून कार्बन स्टीलऐवजी ३१६एल बसवायचं ठरलं, तर दाबाचा हिशोब पुन्हा करायला हवा. हा बदल बऱ्याचदा फोनवरच ठरतो आणि हिशोब कुणीच करत नाही.

तिसरी चूक २४ इंचांच्या वरच्या फ्लँजची. बी१६.५ चोवीस इंचांपर्यंतच आहे. २६ ते ६० इंच बी१६.४७ मध्ये येतात आणि त्यात ए आणि बी अशा दोन सीरिज आहेत, ज्या एकमेकींना जुळत नाहीत. क्लास १५० चा ३० इंची फ्लँज सीरिज एमध्ये २८ स्टडचा असतो, स्टड सव्वा इंची. सीरिज बीमध्ये ४४ स्टड, पाऊण इंची. व्हॉल्व्ह एका सीरिजचा आणि फ्लँज दुसऱ्या सीरिजचा आला तर त्यावर साइटवर कुठलाच उपाय नाही. ऑर्डरवर सीरिज लिहिलेली नसेल तर ती ऑर्डर अपुरी आहे.

तपासा: आरटीजे फ्लँजवर रिंगचा नंबर पंच केलेला असतो. ४ इंच क्लास ६०० ला आर३७, ६ इंच क्लास ६०० ला आर४५. क्लास बदलला की नंबरही बदलू शकतो: २ इंचात क्लास ६०० ला आर२३, पण क्लास ९०० ला आर२४. फ्लँजवरचा आणि रिंगवरचा नंबर शेजारी ठेवून वाचा.

## २. कुठे काय बसवायचं नाही

निवड डिझायनर करतो हे खरं, पण साइटवर बदल होतात तेव्हा पुढच्या गोष्टी माहीत असाव्यात.

रिड्युसिंग फ्लँजने जागा वाचते, पण आतला व्यास एकदम बदलतो. पंपाच्या सक्शनला तो लावू नका. तिथे प्रवाह शांत लागतो, म्हणून रिड्युसरच हवा.

लाँग वेल्ड नेक हा मुळात व्हेसलच्या नोझलसाठी आहे. त्याचा आतला व्यास साइझइतका सरळ असतो, पाइपच्या शेड्यूलप्रमाणे (भिंतीच्या जाडीप्रमाणे) नसतो. उरलेला एखादा तुकडा लाइनमध्ये जोडला की आत पायरी तयार होते.

लॅप जॉइंट वारंवार उघडाव्या लागणाऱ्या, धुवायच्या लाइनसाठी उत्तम. कंपन किंवा वारंवार तापणं-थंड होणं असेल तिथे मात्र तो टाळा. असा ताण सोसण्यात तो वेल्ड नेकच्या जवळपासही जात नाही.

कास्ट आयर्नच्या पंपाला किंवा व्हॉल्व्हला स्टीलचा रेझ्ड फेस फ्लँज लावू नका. मधला उंचवटा टेकतो, कडेला फट राहते, आवळताना कास्ट आयर्न वाकवलं जातं आणि कान तुटतो. स्टीलच्या फ्लँजचा उंचवटा मशीनवर काढून तो फ्लॅट फेस करायचा आणि पूर्ण फेसभर पसरणारा गॅस्केट वापरायचा.

## ३. वेल्डिंगच्या आधीचा क्रम

सगळ्यात महागाच्या चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

### लॅप जॉइंट: रिंग आधी, स्टब नंतर

लॅप जॉइंटचे दोन भाग: पाइपला वेल्ड होणारा स्टब एंड आणि त्याच्या मागे सैल फिरणारी रिंग. रिंग द्रवाला लागत नाही, म्हणून एसएस स्टबमागे कार्बन स्टीलची रिंग चालते आणि खर्च बराच वाचतो. पण स्टब पाइपला वेल्ड झाला आणि पाइपच्या दुसऱ्या टोकाला एल्बो किंवा दुसरा स्टब आधीच लागलेला असला, तर रिंग आत घालायला वाट उरत नाही. स्पूलची (शॉपमध्ये आधीच जोडून ठेवलेल्या पाइपच्या तुकड्याची) दोन्ही टोकं लॅप जॉइंटची असतील तर दोन्ही रिंगा आधी पाइपवर चढवायच्या, ताराने बांधून मधोमध ठेवायच्या आणि मगच वेल्डरला बोलवायचं.

रिंगची दिशाही बघायला हवी. रिंगच्या भोकाची एक कड गोलाई दिलेली असते. ती गोलाई स्टबच्या लॅपकडे (पसरट कडेकडे) यायला हवी, कारण स्टबच्या मानेला तशीच गोलाई असते. उलट बसवली तर रिंगची टोकदार कड मानेत रुतते आणि पुढे तिथेच भेग जाते. स्टोअरमध्ये लॅप जॉइंटची रिंग नाही म्हणून स्लिप-ऑन फ्लँज (पाइपवर सरकवून वेल्ड करायचा) चढवला, तरी हेच होतं. स्लिप-ऑनला ती गोलाई नसते आणि वर रेझ्ड फेसही असतो. दोन्ही लांबून सारखे दिसतात, म्हणून भोकाच्या कडेवर बोट फिरवून खात्री करा.

गॅस्केट रिंगवर नाही, स्टबच्या लॅपवर बसतो. म्हणून लॅपच्या फेसवर सीरेशन (बारीक गोल खाचा) असायला हवं. गुळगुळीत पत्र्यासारखा लॅप आला तर परत पाठवा.

### ऑरिफिस फ्लँज: टॅपिंगची दिशा टॅक मारण्याआधी

ऑरिफिस फ्लँज बी१६.३६ प्रमाणे क्लास ३०० पासून सुरू होतात. लाइन क्लास १५० ची असली तरी इथे क्लास ३०० ची जोडी येते, आणि ती बरोबर असते. या जोडीच्या मधे भोक असलेली ऑरिफिस प्लेट बसते आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या दाबाच्या फरकावरून प्रवाह मोजतात. फ्लँजच्या जाडीत आडवं भोक असतं, त्यातून दाब मोजला जातो. हे टॅपिंग प्लेटच्या फेसपासून २५.४ मिमीवर धरलेलं असतं आणि त्या मापात १.५ मिमीचा गॅस्केट गृहीत आहे. हाताशी होता म्हणून ३ मिमीचा गॅस्केट टाकला तर जोड गळणार नाही, पण मीटरचं रीडिंग चुकेल. ही चूक ठिबकत नाही, म्हणून महिनोन्महिने कळतही नाही.

टॅपिंग कुठल्या बाजूला ठेवायचं हे लाइनमध्ये काय वाहतं त्यावर ठरतं. आडव्या लाइनमध्ये द्रव असेल तर टॅपिंग बाजूला, किंवा बाजूपासून थोडं खाली, म्हणजे हवेचे बुडबुडे इम्पल्स लाइनमध्ये (टॅपिंगपासून मीटरकडे जाणाऱ्या नळीत) शिरत नाहीत. अगदी तळाला नको, तिथे गाळ बसतो. वायू असेल तर वर, म्हणजे साचलेला थेंब परत लाइनमध्ये पडतो. स्टीमला बाजूला.

इथे एक बारकावा आहे. टॅपिंग दोन स्टडच्या मधूनच बाहेर येऊ शकतं. ४ इंच क्लास ३०० ला ८ स्टड असतात. भोकं उभ्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी ठेवली की टॅपिंगला ४५ अंशांची पायरी मिळते. ६ इंच क्लास ३०० ला १२ स्टड, म्हणजे पायरी ३० अंशांची. तिथे ड्रॉईंगवर ४५ अंश लिहिलं असेल तर ते बसणारच नाही, एक तर ३० किंवा ६०. हा प्रश्न टॅक (तात्पुरते वेल्डचे ठिपके) मारण्याआधी इन्स्ट्रुमेंटवाल्यांना विचारून सोडवा. वेल्ड झाल्यावर कुणी फ्लँज फिरवून देणार नाही.

आतला व्यास पाइपच्या शेड्यूलला जुळलाच पाहिजे. वेल्डचा आत आलेला मणी घासून पाइपशी सपाट करायचा. दुसऱ्या बाजूने हात पोचत असतानाच, म्हणजे स्पूल बंद होण्याआधी हे करून घ्या.

### सगळ्याच फ्लँजना लागू

फिटर ज्याला टू-होल म्हणतात ते टॅकच्या आधी बघायचं: वरची दोन भोकं लेव्हलमध्ये, म्हणजेच उभी मध्यरेषा दोन भोकांच्या बरोबर मधोमध. फ्लँजचा फेस पाइपला काटकोनात आहे का, हे गुण्याने चारही बाजूंनी तपासा. वेल्डिंगच्या ठिणग्या फेसवर पडू नयेत म्हणून लाकडी किंवा रबरी झाकण लावा. अर्थिंगचा क्लॅम्प फेसवर किंवा आरटीजेच्या खाचेत कधीही लावू नका. ठिणगीने पडलेला एक खड्डा पुरेसा आहे.

तपासा: स्पूल शॉपमधून निघण्याआधी तीन प्रश्न. रिंगा चढल्या? टॅपिंगची दिशा ड्रॉईंगप्रमाणे आहे? फेसवर झाकण आहे?

## ४. फेस आणि खाच

झाकण काढा, चिंध्या आणि सॉल्व्हंटने फेस पुसा, जुन्या गॅस्केटचे कण पितळी ब्रशने काढा. ग्राइंडर किंवा पॉलिश व्हील फेसवर चालवायचं नाही. रेझ्ड फेसवरचं सीरेशन मुद्दाम ठेवलेलं असतं, साधारण ३.२ ते ६.३ मायक्रॉन खरखरीत. ते दात गॅस्केटला धरून ठेवतात. चकचकीत फेसवर गॅस्केट सरकतो.

मग टॉर्च तिरकी धरून बघा. फेसवर गोल फिरणारा ओरखडा एक वेळ चालू शकतो. आतून बाहेर जाणारा, सगळ्या सीरेशनना कापणारा ओरखडा चालत नाही, कारण गळतीला तो सरळ रस्ता आहे. असा फेस साइटवरच्या फ्लँज फेसिंग मशीनवर पुन्हा काढून घ्या. पेस्ट लावून भागवू नका.

आरटीजेची खाच आणखी काटेकोर. तिथे धातूवर धातू बसतो. खाचेच्या तिरप्या भिंतींवर, म्हणजे २३ अंशांच्या उतारावर, सील होतं. तळाला काही टेकत नाही. त्यामुळे तळ कितीही स्वच्छ दिसला तरी भिंती बघायच्या. भिंतीवर आडवा ओरखडा असेल तर रिंग कितीही आवळा, बंद होणार नाही.

कोकणातल्या साइटवर पावसाळ्यात झाकण काढून ठेवलेला कार्बन स्टीलचा फेस एका रात्रीत तांबूस होतो. जेवढे जोड त्या दिवशी बंद होणार आहेत तेवढेच उघडा.

## ५. जुळवणी: पाइप ओढू नका

एएसएमई बी३१.३ या कारखान्यातल्या पाइपिंगच्या कोडचा नियम सोपा आहे. दोन फेस एकमेकांना समांतर हवेत, कुठल्याही व्यासावर २०० मिमीला १ मिमीपेक्षा जास्त तिरके नकोत. भोकं ३ मिमीपेक्षा जास्त सरकलेली नकोत. स्टड हाताने आरपार गेला पाहिजे.

साइटवर घडतं असं की भोकं जुळत नाहीत, ड्रिफ्ट पिन (निमुळती सळई) ठोकून जुळवली जातात, आणि उरलेली फट चेन ब्लॉक लावून किंवा स्टड आवळूनच बंद केली जाते. जोड बंद झालेला दिसतो. पण स्टडची अर्धी ताकद पाइप वाकवण्यात गेलेली असते आणि गॅस्केटला उरलेलीच मिळते. लाइन तापली, पाइप हलला की तो जोड सुटतो. पंपाच्या नोझलवर असं केलं तर पंपाचं अलाइनमेंट जातं, पुढे सील आणि बेअरिंग जातात. भोकं जुळत नसतील तर सपोर्ट सैल करून बघा, स्पूल पुन्हा मोजा, आणि गरज पडली तर कापून पुन्हा वेल्ड करा. त्या दिवशी वेळ जातो, पण तो पुढच्या शटडाऊनमधून वजा होतो.

आरटीजेमध्ये उलटी अडचण येते. रिंग खाचेत बसते, म्हणून ती घालायला दोन्ही फ्लँज पाइपच्या दिशेने रिंगच्या उंचीइतके दूर करावे लागतात. दोन्हीकडे पाइप पक्का धरलेला असेल तर रिंग आतच जात नाही, मग कुणीतरी ती तिरकी ठोकून बसवतो आणि तिची कड मरते. कुठला सपोर्ट सैल करायचा, कुठे फट मिळणार, हे आधी ठरवून ठेवा.

सावधान: चालू लाइनवरचा जुना जोड उघडताना लाइन दाबरहित, रिकामी आणि लॉक आहे याची खात्री स्वतःच्या डोळ्यांनी करा. परमिटवर लिहिलं आहे एवढ्यावर थांबू नका. आधी आपल्यापासून दूरच्या बाजूचे नट सैल करायचे, काढायचे नाहीत. आत काही उरलं असेल तर ते पलीकडे उडेल, आपल्या अंगावर नाही.

## ६. मधे जे बसतं ते

### गॅस्केट

स्पायरल वूंड गॅस्केटच्या (धातूची पट्टी आणि भराव गुंडाळून केलेल्या) बाहेरच्या कडेचा रंग बघा. पिवळा म्हणजे ३०४, हिरवा म्हणजे ३१६एल. त्यावरचे करडे पट्टे ग्रॅफाइटचे, पांढरे पीटीएफईचे (टेफ्लॉनचे). क्लासही वाचा, कारण या गॅस्केटची बाहेरची रिंग स्टडना टेकून मधोमध येते. चुकीच्या क्लासचा गॅस्केट एका बाजूला सरकून बसतो. वापरलेला गॅस्केट पुन्हा वापरायचा नाही. गॅस्केट जागेवर ठेवायला ग्रीस थापायचं नाही.

### आरटीजे रिंग

रिंग फ्लँजपेक्षा मऊ असली पाहिजे, म्हणजे दबताना रिंग आकार बदलते आणि महागडी खाच शाबूत राहते. सॉफ्ट आयर्नच्या रिंगची कठीणता ९० ब्रिनेलपर्यंत, लो कार्बन स्टीलची १२० पर्यंत, ३०४ किंवा ३१६ ची १६० पर्यंत. एसएस रिंग कार्बन स्टीलच्या खाचेत घालायची वेळ आली तर दोन्हीची कठीणता तपासून घ्या. ओव्हल रिंग जुन्या गोल तळाच्या आणि नव्या सपाट तळाच्या, दोन्ही खाचांत बसते. अष्टकोनी रिंग फक्त सपाट तळाच्या खाचेत. एकदा दाबलेली रिंग फेकायची. तिने आकार घेतलेला असतो, दुसऱ्यांदा ती तशी बसत नाही.

रिंग खाचेत ठेवून हाताने हलवून बघा. डुलत असेल तर रिंग, नंबर किंवा खाच, काहीतरी चुकलंय.

### ऑरिफिस प्लेट

प्लेटच्या भोकाची तीक्ष्ण कड प्रवाह येतो त्या बाजूला, तिरपी कापलेली कड प्रवाह जातो त्या बाजूला. बाहेर आलेल्या शेपटीवर ज्या बाजूला अपस्ट्रीम कोरलेलं आहे, ती बाजू येणाऱ्या प्रवाहाकडे. उलटी बसवली तर मीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. कडेवर प्रकाश टाकून बघा. कड चमकली तर ती बोथट झाली आहे, आणि तीक्ष्ण कड हेच त्या प्लेटचं सगळं काम आहे. प्लेटमध्ये छोटं जास्तीचं भोक असेल तर द्रवाच्या लाइनमध्ये ते वर ठेवायचं, म्हणजे हवा पुढे जाते, आणि वायूच्या लाइनमध्ये खाली, म्हणजे पाणी पुढे जातं. गॅस्केटची आतली कड पाइपच्या आत डोकावता कामा नये.

ऑरिफिस फ्लँजला दोन जॅक स्क्रू असतात, फ्लँज दूर ढकलायला. प्लेट बसवून झाल्यावर ते पूर्ण मागे घ्यायचे. हे राहून गेलं की जॅक स्क्रू फ्लँज दूर धरून ठेवतो, स्टडची ताकद त्यातच जाते आणि गॅस्केट सैल राहतो. टॉर्क रेंच मात्र बरोबर आकडा दाखवतो.

सावधान: लाइन फ्लश आणि हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) होईपर्यंत खरी प्लेट बसवायची नाही. वेल्डिंगचे तुकडे आणि वाळू प्लेटवर आदळून कड मोडतात. तोवर तेवढ्याच जाडीचा स्पेसर घाला आणि खरी प्लेट गुंडाळून स्टोअरमध्ये ठेवा.

### स्पेक्टॅकल ब्लाइंड

एका बाजूला बंद चकती, दुसऱ्या बाजूला उघडी रिंग, मधे जोडणारी पट्टी. दोन्ही अंगांना गॅस्केट लागतो, म्हणजे एका ब्लाइंडला दोन गॅस्केट. स्टड ब्लाइंडच्या जाडीइतका आणि एका जास्तीच्या गॅस्केटइतका लांब हवा. स्टडची यादी ब्लाइंड विसरून केलेली असते, म्हणून हे आधीच मोजून ठेवा. ब्लाइंड फिरवायला आजूबाजूला जागा आहे का, मोठ्या साइझला उचलायची सोय आहे का, हेही लाइन बांधतानाच बघा. शटडाऊनच्या रात्री शेजारचा पाइप आडवा येतो.

ब्लाइंडची जाडी दाब आणि साइझवरून बी१६.४८ मध्ये ठरलेली आहे. प्लेट कापून बनवलेली चकती ब्लाइंड म्हणून कधीही घालू नका. तिच्या पलीकडे माणूस व्हेसलमध्ये उतरलेला असतो.

### इन्सुलेटिंग किट

जमिनीखालच्या, कॅथोडिक प्रोटेक्शन (विजेने गंज रोखण्याची सोय) असलेल्या लाइनपासून वरची लाइन विजेच्या दृष्टीने तोडायची असेल तिथे हा किट येतो: इन्सुलेट करणारा गॅस्केट, प्रत्येक स्टडवर स्लीव्ह आणि वॉशर. नट आणि इन्सुलेटिंग वॉशरच्या मधे स्टीलचा वॉशर हवाच, नाहीतर नट फिरताना वॉशर चिरडतो. भोकं अचूक जुळलेली नसतील तर स्लीव्ह स्टड आणि भोकाच्या मधे कापला जातो, आणि मग किट असून नसल्यासारखा. ड्रिफ्ट पिन इथे पूर्ण बंद. ग्रॅफाइट किंवा तांब्याचं ग्रीसही नको, दोन्हीतून वीज जाते.

पाणी भरण्याआधी, जोड कोरडा असताना प्रत्येक स्टड दोन्ही फ्लँजपासून तुटलेला आहे का, हे टेस्टरने तपासा. पेट्रोलियमच्या इतर जोडांवर स्थिर विजेसाठी जंपर लावतात. सवयीने तो इथेही लावला जातो. या जोडावर जंपर नको, आणि दोन्ही बाजूंना एकच लोखंडी सपोर्टही नको.

## ७. स्टड, तेल, आवळणं

बी७ (अलॉय स्टीलच्या) स्टडला २एच जातीचा नट, एसएस लाइनला लाइन क्लासमध्ये लिहिलेला स्टड. स्टडवरची खूण वाचा. दोन्ही टोकांनी स्टड नटच्या पूर्ण बाहेर यायला हवा. बी३१.३ फार तर एक आटा कमी चालवतो.

आट्यांना आणि नट फ्लँजवर टेकतो त्या पृष्ठभागाला अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) लावा. दुसरी जागा बहुतेक जण विसरतात. टॉर्क रेंच फक्त फिरवण्याची ताकद मोजतो, स्टडमधला ताण नाही. पाऊण इंची बी७ स्टडमध्ये ६७ किलोन्यूटन ताण हवा असेल आणि टॉर्कचा गुणांक (नट फॅक्टर, ज्यात घर्षण धरलेलं असतं) ०.१६ धरला तर टॉर्क साधारण २०४ न्यूटन-मीटर येतो. तोच स्टड कोरडा, गुणांक ०.२० असेल, तर त्याच २०४ मध्ये स्टडला ५४ किलोन्यूटनच मिळतात, म्हणजे पाचवा हिस्सा कमी. काही नट तेलातले आणि काही कोरडे असतील तर एकाच फ्लँजवर ताण कमी-जास्त होतो, आणि फ्लँज जिथे सैल राहतो तिथून गळतो. हा आकडा फक्त उदाहरण आहे. प्रत्यक्ष टॉर्क तुमच्या गॅस्केट आणि स्टडसाठी दिलेल्या तक्त्यातूनच घ्या.

आवळण्याचा क्रम पीसीसी-१ या एएसएमईच्या फ्लँज जोडणीच्या मार्गदर्शिकेच्या पद्धतीने:

१. सगळे नट हाताने, मग हलक्या पान्याने. आतापर्यंत फेसमधली फट चारही बाजूंनी सारखी हवी. फीलर गेज लावून बघा. सारखी नसेल तर इथेच थांबा, सैल करा, पुन्हा जुळवा.

२. ठरलेल्या टॉर्कच्या २० ते ३० टक्के, समोरासमोर. ८ स्टडला गोलाने क्रमांक दिले तर क्रम १, ५, ३, ७, २, ६, ४, ८. क्रमांक खडूने फ्लँजवर लिहा.

३. ५० ते ७० टक्के, त्याच क्रमाने. पुन्हा फट मोजा.

४. १०० टक्के, त्याच क्रमाने.

५. १०० टक्क्यांवरच, आता गोलाने एकामागून एक, एकही नट हलत नाही तोवर. एक नट आवळला की शेजारचा सैल होतो, म्हणून ही फेरी वगळू नका.

६. शक्य असेल तर किमान ४ तासांनी पाचव्या टप्प्याची फेरी पुन्हा. गॅस्केट दबून बसतो आणि ताण उतरतो.

आरटीजेमध्ये आवळून झाल्यावरही दोन फेसमधे थोडी फट राहते. ती बंद करायचा हट्ट धरू नका, फक्त ती चारही बाजूंनी सारखी आहे का बघा. लॅप जॉइंटमध्ये रिंग सैल असल्यामुळे ती पहिल्या फेरीतच तिरकी होऊ शकते, म्हणून तिथे हलक्या फेऱ्या जास्त घ्या.

सावधान: पान्याला पाइपचा तुकडा लावून जोर वाढवायचा नाही, आणि हातोड्याने ठोकून शेवटची फेरी करायची नाही. किती ताण पडला ते मग कुणालाच सांगता येत नाही.

## ८. टेस्ट आणि त्यानंतर

हायड्रोटेस्टमध्ये जोड ठिबकला तर आधी दाब उतरवा. दाबाखाली आवळताना स्टड तुटू शकतो किंवा गॅस्केट फाटू शकतो. दाब उतरवून फट मोजा. एका बाजूला जास्त असेल तर आवळणं असमान झालंय, सगळे नट सैल करून पहिल्यापासून सुरुवात करा. फट सारखी असूनही गळत असेल तर जोड उघडा, फेस किंवा गॅस्केटमध्येच काहीतरी सापडेल.

टेस्टनंतर या गोष्टी राहून जातात, त्यांची पाटी करून लाइनवर लटकवा:

- ऑरिफिसचा स्पेसर काढून खरी प्लेट नव्या गॅस्केटसह बसवली. टेस्टमध्ये दबलेला गॅस्केट पुन्हा नाही.
- स्पेक्टॅकल ब्लाइंड उघडा हवा तिथे उघडा, बंद हवा तिथे बंद. बाहेर दिसणारा भाग नेमका उलट असतो: बाहेर चकती दिसत असेल तर लाइन उघडी आहे. नव्या ऑपरेटरला हे जागेवर नेऊन दाखवा.
- इन्सुलेटिंग किटचा जोड कोरडा करून पुन्हा टेस्टरने तपासला. रंगाऱ्याने स्टड, वॉशर आणि दोन्ही फ्लँज धातूमिश्रित रंगाने एकत्र रंगवले नाहीत ना, हेही बघितलं.
- लॅप जॉइंटच्या कार्बन स्टील रिंगला रंग दिला, विशेषतः स्टबला टेकते त्या आतल्या बाजूला. तिथे पाणी साचतं.
- प्रत्येक जोडाला टॅग: कुणी आवळला, किती टॉर्क, कुठला गॅस्केट, तारीख.

टॅगला लोक कंटाळतात. पण पुढच्या शटडाऊनला तोच जोड उघडायची वेळ येते तेव्हा आत कुठली रिंग आहे, स्टड किती लांबीचे आणि टॉर्क किती दिला होता, हे त्या एका टॅगवरून कळतं, आणि माल आधीच मागवता येतो.